केदारची वाट आणि घरबसल्या वैद्यसल्ला

केदारनाथाचें दर्शन घ्यावें, ही इच्छा आमच्या मनांत चाळीस वर्षें होती. शाळेची नोकरी, मुलांचीं शिक्षणें आणि एकत्र कुटुंबाचा पसारा यांत ती तशीच राहून गेली. अखेर २०२३ च्या ऑक्टोबरांत निघण्याचें ठरलें, तेव्हां धाकट्या सूनबाईनें एकच अट घातली : आधीं वैद्याचा सल्ला घ्यावयाचा, आणि तोहि घरच्या मंडळींच्या देखत!

अट अवास्तव नव्हती. केदारनाथ समुद्रसपाटीपासून ३,५८३ मीटर, म्हणजे सुमारें ११,७५५ फूट उंच आहे. गौरीकुंडापासूनच्या सुमारें १६ किलोमीटरांच्या पायवाटेंत मनुष्य दीड हजार मीटरांहून अधिक चढतो. वर हवेचा दाब समुद्रकांठच्या सुमारें दोन तृतीयांश. त्याच मानानें श्वासाबरोबर मिळणारा प्राणवायुहि कमी. उंचीची संवय होण्यास शरीराला दिवस लागतात; सहलीच्या वेळापत्रकांत ते सहसा नसतात.

दूरस्थ वैद्यसल्ल्याचे नियम आपल्या देशांत मार्च २०२० मध्यें प्रसिद्ध झाले, आणि पुढच्याच महिन्यांत सरकारची ई-संजीवनी ही सेवा घरीं बसलेल्या रुग्णांसाठीं खुली झाली. मोबाइलवर नांव नोंदवावें, पाळीची वाट पाहावी, कीं डॉक्टर पडद्यावर प्रकट होतात, दक्षिणा नाहीं. पूर्वीं संजीवनीसाठीं मारुतिरायाला अख्खा पर्वत उचलून आणावा लागला. आतां पर्वतावर जाण्यापूर्वीं संजीवनीच घरीं येते, असें म्हणून आम्हीं नातवंडांना हंसविलें.

पडद्यावर एक तरुण डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनीं प्रथम आमच्या पत्नीची चौकशी केली. पूर्वीं सल्फाच्या औषधानें अंगावर पुरळ उठलें होतें, हें त्यांतून निघालें. उंचीचा त्रास होऊं नये म्हणून पुष्कळ यात्रेकरू अ‍ॅसेटाझोलामाइड नांवाची गोळी घेतात. ती सल्फाच्याच कुळांतली. एका शेजाऱ्यांनीं प्रेमानें दिलेली तीच गोळी बटव्यांत आधींच जाऊन बसली होती! ती काढून ठेवावी, आणि वाटेंत मुक्काम वाढवावेत, असें बाईंनीं सांगितलें.

मग आमची पाळी. "रक्तदाबाची एक गोळी घेतों, बाकी प्रकृति उत्तम. रोज सकाळीं अजिंक्यताऱ्यावर चढून जातों," आम्ही ऐटीनें म्हणालों.

तोंच मागून आवाज आला, "डॉक्टर, हे दिवाळीपासून अर्ध्या वाटेवरूनच परत येतात. छातीवर हात ठेवून उभे राहतात, आणि विचारलें तर म्हणतात, सातारा पाहात होतों."

खोलींत सर्व स्तब्ध झाले. बाई शांतपणें म्हणाल्या, "आजोबा, हें पडद्यावरून ठरवितां येणार नाहीं. हृदयरोगाच्या डॉक्टरांना लवकर प्रत्यक्ष भेटा. तोंवर चढणें बंद."

आम्हांला राग आला, हें कबूल करतों. परंतु तो राग बाईंवर नव्हता कीं पत्नीवरहि नव्हता. पस्तीस वर्षें मुलांना सत्य बोलण्याचे धडे दिलेल्या मास्तराचें असत्य सुनेसमोर व नातवंडांसमोर उघडें पडलें होतें. पुढें हृदयाचा साधा आलेख ठीक निघाला; पण फिरत्या पट्ट्यावर चालविण्याच्या परीक्षेंत आम्ही साफ नापास झालों. औषधें सुरू झालीं. महिनाभरानें पुन्हा तपासून तज्ज्ञांनीं निकाल दिला : ऊखीमठापर्यंत जावें, केदारास नाहीं.

त्याप्रमाणें पत्नी व मुलगा गुप्तकाशीस दोन रात्री आणि गौरीकुंडास एक रात्र काढून वर गेलीं. आम्ही ऊखीमठांत राहिलों. गांव सुमारें १,३०० मीटरांवर आहे; मंदाकिनीच्या पलीकडे गुप्तकाशी दिसते. बाणासुराची कन्या उषा हिच्यावरून गांवास हें नांव पडलें, अशी कथा आहे. येथील ओंकारेश्वराच्या मंदिरांत आम्ही रोज बसत असूं. पहिल्या दिवशीं मन खट्टू होतें. दुसऱ्या दिवशीं मनांत एक विचार आला.

भाऊबीजेस केदारनाथाचीं दारें बंद होतात. मग देवाची उत्सवमूर्ति डोलींतून मुक्काम करीत खालीं येते आणि हिंवाळाभर याच मंदिरांत राहते. वैशाखांत परत जातांनाहि ती एका दिवसांत चढत नाहीं; गुप्तकाशी, गौरीकुंड अशा ठिकाणीं थांबत चौथ्या दिवशीं पोंचते. ऋतु पाहून साक्षात् देव खालीं उतरतो आणि टप्प्याटप्प्यानें वर जातो, तेथें सातारच्या एका मास्तरानें खालीं थांबण्यांत कसला कमीपणा? कुमारसंभवांत बटुवेषधारी शंकरानें तपस्विनी पार्वतीला शरीर सांभाळण्याचा उपदेश केला आहे. तो सर्ग आम्हीं वर्गांत किती वेळां शिकविला असेल. कळला तो ऊखीमठास.

मंडळी सुखरूप परतलीं. पत्नीनें प्रसाद हातावर ठेवला आणि म्हणाली, "तुमचाहि नमस्कार सांगितला बरें!"

वाचकहो, यात्रेस अवश्य जा. पण महिना-दोन महिने आधीं वैद्यास विचारा. प्रत्यक्ष जाणें कठीण असेल तर पडद्यावरून विचारा. पडद्यामागच्या वैद्याला नाडी हातीं लागत नाहीं. त्याच्या हातीं केवळ आपला शब्द असतो. म्हणून त्या वेळीं शेजारीं घरांतलें असें माणूस बसवा, जें तुमच्या तोंडावर खरें बोलेल.