पेढीचा उंबरठा
अहमद निजामशहाने वसविलेल्या अहमदनगरचा, आजच्या अहिल्यानगरचा, भुईकोट किल्ला पाहावयास दूरदूरचे लोक येतात. कापडबाजारातील जुन्या वाड्यांकडे मात्र कोणी मान वर करून पाहत नाही.

खाली पेढी, वर माडी, मागे चौक. दगडी जोते, सागवानी खांब. दिवाळीस पेढीवर वहीपूजन होई. स्वयंपाकघर चार पायऱ्यांवर असल्याने सूर्यास्तापूर्वीचे जेवणही साधे आणि गिऱ्हाईकही परत जात नसे. धर्म आणि व्यापार एकाच छपराखाली नांदत होते.

पुढे भावाभावांत वाटण्या झाल्या. डागडुजीच्या खर्चावर एकमत होईना. एकेक वाडा उतरला, काचेची दुकाने उभी राहिली. यात दोष कोणाचाच नाही. व्यापाराला काळाबरोबर चालावेच लागते. परंतु किल्ल्याची जबाबदारी सरकारवर आहे, वाड्याची केवळ कुटुंबावर.

म्हणून वाडा उतरविण्यापूर्वी सर्व भावांनी एकदा ओट्यावर एकत्र बसावे. मोजमापे व छायाचित्रे घ्यावीत. दाराची जुनी चौकट नव्या दुकानात बसवावी. ज्या उंबरठ्यावरून आजोबांनी पहिले गिऱ्हाईक आत घेतले, तो भंगारात विकला जाऊ नये.