आतून कुणीतरी बघतंय

कॅमेरा घेऊन बाहेर पडलो की माझी नजर आधी काळोखाच्या तुकड्यांकडे जाते. झाडाची ढोली, पडक्या भिंतीतलं भोक, किलकिली उघडी खिडकी. नागपुरात मी कित्येक वर्षं डोकावणाऱ्यांचे फोटो काढतो आहे. पाखरू काय, माणूस काय, मोकळ्यावर पूर्ण दिसतंच. पण आडोशातून बाहेर बघणाऱ्या चेहऱ्यावर भीती आणि कुतूहल एकाच वेळी असतात. पुढच्या क्षणी दोघांपैकी कोण जिंकणार हे त्या जिवालाही ठाऊक नसतं. मला तो क्षण हवा असतो.

या कामात माझा खरा गुरू पिंगळा. सिव्हिल लाइन्स, सेमिनरी हिल्स, महाराजबागेचा परिसर या भागांत जुनी कडुनिंबं आणि चिंचा अजून टिकून आहेत. फांदी मोडून पडली, तिथलं लाकूड कुजलं, की पोकळी तयार होते आणि पिंगळ्याची जोडी तिथं मुक्काम टाकते. वीतभर उंचीचा हा पक्षी. अंगावर पांढरे ठिपके, डोळे पिवळेजर्द, वर पांढऱ्या भुवया. हिवाळ्यात सकाळचं ऊन ढोलीच्या तोंडाशी आलं की तो तिथं येऊन बसतो. त्याचे डोळे खोबणीत फिरत नाहीत, त्यामुळे बघायचं तर अख्खं डोकं वळवावं लागतं. समोर माणूस दिसला की तो डोकं वर-खाली, डावी-उजवीकडे हलवतो. लोकांना वाटतं, चिडला. खरं म्हणजे तो तुमच्यापर्यंतचं अंतर मोजत असतो. मोजून झालं आणि तुम्ही होतात तिथंच राहिलात, तर तो डोळे अर्धे मिटून घेतो. माझा हात त्यानंतरच कॅमेऱ्याकडे जातो.

ढोलीचा फोटो दिसतो तितका सोपा नाही. बाहेर उन्हानं तापलेलं खोड, आत काळोख, आणि मधे तो चेहरा. उजेडाचं मोजमाप कॅमेऱ्यावर सोडलं, तर तो पूर्ण चौकटीची सरासरी काढतो आणि चेहरा बिघडवतो. म्हणून मी स्पॉट मीटरिंग लावून फक्त चेहऱ्यावरचा उजेड मोजतो. ऑटोफोकसला सालीची खडबडीत कड फार आवडते, तो तिथंच जाऊन अडकतो. त्यासाठी एकच फोकस बिंदू निवडून तो जवळच्या डोळ्यावर धरायचा. डोकं हलतं असतं, म्हणून शटर १/५०० च्या खाली नेत नाही. फ्लॅश तर कधीच नाही. ट्रायपॉड बुटका करून मी जमिनीवर बसतो. उभ्या माणसापेक्षा बसलेला माणूस पाखरांना लवकर चालतो, असा माझा अनुभव आहे. घरी आल्यावर संगणकावर ढोलीतला अंधार उजळायचा मोह होतो, पण मी तो तसाच ठेवतो. तो अंधार त्या पक्ष्याचं घर आहे. त्याने दाखवलं नाही ते आपण उकरून काढू नये.

उन्हाळ्यात हे गणित बदलतं. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो, ऊन लवकर डोक्यावर येतं, चेहऱ्यावर सावली पडते. अशा दिवसांत सकाळी आठ-साडेआठलाच मी सामान आवरतो.

एकदा सकाळी फिरायला निघालेले एक काका माझ्यापाशी थांबले. “काय पाहून राहिले जी तुम्ही मंघापासून?” मी बोट न उचलता नुसत्या नजरेनं ढोली दाखवली. त्यांना दिसायला बराच वेळ लागला. खोडाचा रंग आणि पिंगळ्याचा रंग एकमेकांत मिसळून जातात. मग एकदम म्हणाले, “अरे बाप्पा! मी तं रोज जातो इथून!” त्यानंतर त्यांची भेट झाली की ते आधी ढोलीची खबर देतात. आज एकच होता, आज दोघंही होते, खारीनं फार कालवा केला म्हणून आत गेले. पाहायला शिकलेला असा एक माणूस मला दहा चांगल्या फोटोंपेक्षा मोलाचा वाटतो.

राखी धनेशाच्या बाबतीत मात्र मी हात फार आवरता घेतो. या पक्ष्याची मादी विणीच्या काळात ढोलीत शिरते आणि विष्ठेनं व चिखलानं तोंड लिंपून स्वतःला आत बंद करून घेते. बाहेर फक्त एक उभी फट राहते. आत तिची पिसं गळतात, काही काळ उडण्याचं बळही उरत नाही. तिचं आणि पिल्लांचं पोट सर्वस्वी नरावर. तो वड, पिंपळ, उंबराची फळं घशात साठवून आणतो, खोडाला बिलगतो आणि एकेक फळ घशातून वर काढून फटीतून आत देतो. त्या वेळी आतून चोचीचं टोक तेवढं दिसतं. या शहरातलं मी पाहिलेलं सगळ्यांत छोटं डोकावणं हेच. मी ते रस्त्याच्या पलीकडून, लांब पल्ल्याच्या लेन्सनं टिपतो. नर शेजारच्या फांदीवर उतरून फटीकडे न जाता माझ्याकडे बघत राहिला, तर मी लगेच उठतो. मी तिथं बसून राहीन तेवढा वेळ आतले जीव उपाशी असतात. आणि असं झाड कुठं आहे, हे मी चारचौघांत कधीच सांगत नाही.

२०२१च्या मेअखेरीस हा सगळा मामला उलटा झाला. गायत्रीनगर भागात बिबट्या दिसल्याची बातमी आली आणि शहरभर पसरली. कोरोनाच्या निर्बंधांमुळे लोक आधीच घरात होते, आता खिडक्याही लागल्या. वनखात्यानं ट्रॅप कॅमेरे लावले. आमच्या गल्लीत ग्रिलच्या मागून, कूलरच्या आडून, गच्चीच्या कठड्यावरून शेजारी रस्त्याकडे बघत होते. मी माझ्या खिडकीतून, त्यांना आधी हात करून, त्यांचे फोटो काढले. पुढे ते पिंगळ्यांच्या फोटोंशेजारी ठेवून पाहिले. तीच ताणलेली मान, तेच मोठे डोळे, तीच आत पळायची तयारी. आडोसा ही भित्र्यांचीच गरज नाही. ज्याला बघायचं आहे आणि जगायचंही आहे, त्या प्रत्येकाला तो लागतो.

माणसांचा आडोसा सगळ्यांत जास्त दिसतो तो मारबतीच्या दिवशी. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, इतवारी-महाल भागात मारबती, म्हणजे बाईच्या रूपातले मोठे पुतळे, मिरवणुकीनं निघतात. काळी १८८१पासून आणि पिवळी १८८५पासून, असं सांगतात. रोगराई आणि वाईट चालीरीती आपल्यासोबत घेऊन जा, असं मारबतीला ओरडून सांगत गर्दी पुढं सरकते, सोबत बडगे म्हणजे आणखी पुतळे असतात. रस्त्यावर पाय ठेवायला जागा नसते, म्हणून जुन्या घरांच्या वरच्या मजल्यांवर चेहऱ्यांची दाटी होते. मी पाठ मारबतीकडे करतो आणि वर बघतो.

अशाच एका खिडकीत एक आजी होत्या. पल्ल्याच्या मागे अर्धा चेहरा, पदर डोक्यावर, गजाला घट्ट धरलेला हात, हातात हिरव्या बांगड्या. मी कॅमेरा दाखवून भुवयांनीच विचारलं. त्या आत गेल्या. मी कॅमेरा खाली केला. थोड्या वेळानं पल्ला पुन्हा हलला आणि वरून आवाज आला, “माहा फोटो काहून काढतं रे बाबू, मारबतीचा काढ ना!” पण आता त्या हसत होत्या, आणि या वेळी पल्ला त्यांनी स्वतः बाजूला केला होता, निम्माच. मी तेवढ्याचाच फोटो घेतला. छापून नेऊन दिला तेव्हा त्यांनी तो उजेडाकडे धरून निरखला आणि देव्हाऱ्याशेजारी ठेवायला सुनेला सांगितलं. माणसांच्या बाबतीत माझा नियम पक्ष्यांच्याच धड्यातून आला आहे. मान मागे गेली की नकार. लहान मूल असेल, तर घरच्या मोठ्यांना विचारल्याशिवाय काहीच नाही.

किती दिसायचं हे डोकावणारा ठरवतो. आपल्याला अर्धा चेहरा मिळाला, तर तो अर्धा चेहरा पूर्ण फोटो असतो. त्याला बाहेर काढायला खोडावर टकटक करणारे, आवाज काढून बोलावणारे, ढोलीत टॉर्च मारणारे लोक मला भेटतात. त्यांच्या फोटोंत पक्षी दिसतो, पण त्याच्या डोळ्यांतलं कुतूहल तेवढ्यात मरून गेलेलं असतं. उरते ती नुसती भीती.

आता या फोटोंना एक काम मिळालं आहे. रस्ता रुंद करताना किंवा बांधकाम काढताना जुनं झाड ‘पोकळ आणि धोकादायक’ ठरवणं फार सोपं असतं. नेमकी ती पोकळीच कुणाचं तरी घर असते. कोवळ्या रोपट्यात ढोली नसते. ती तयार व्हायला झाडाचं अर्धं आयुष्य जावं लागतं. महाराष्ट्रात शहरी झाडांच्या संरक्षणाचा कायदा १९७५पासून आहे. २०२१च्या दुरुस्तीनं पन्नास वर्षं वा त्याहून जुन्या झाडाला वारसा वृक्षाचा दर्जा दिला. झाड तोडण्याची नोटीस लागते तेव्हा नागरिकांकडून हरकती मागवल्या जातात. मी माझे फोटो तारखेनिशी त्या हरकतीला जोडतो. काही झाडं वाचतात, काही जातात. पण वरून एक रहिवासी बघतो आहे, हे कागदावर आल्यावर निर्णय घेणाऱ्याला निदान मान वर करून त्या खोडाकडे पाहावं लागतं. तुमच्या गल्लीत जुनं झाड असेल, तर नोटीस लागायची वाट पाहू नका. आजच त्याच्या ढोल्या बघून ठेवा.