अंधाऱ्या खोलीचं दार

‘आता या वयात कसली हौस?’ हे वाक्य ऐकलं नाही अशी चाळिशीजवळ आलेली बाई निदान माझ्या ओळखीत तरी नाही. कधी ते घरातली वडीलधारी माणसं म्हणतात, कधी मुलं म्हणतात, आणि पुष्कळदा आपणच स्वतःला म्हणतो. म्हणून आज एका गृहस्थांची हकिगत सांगावीशी वाटते. ते आपल्याकडचे नव्हेत, पार अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियाचे. माझा भाचा फोटोग्राफी शिकतो. त्याने आणलेल्या एका जाडजूड पुस्तकातून त्यांची ओळख झाली. नाव लिरॉय ग्रॅनिस.

जन्म १९१७ सालचा, हर्मोसा बीच या समुद्रकाठच्या गावातला. तिकडे सर्फिंग नावाचा खेळ आहे. माणसाहून लांब फळी घेऊन समुद्रात आत जायचं, मोठी लाट आली की फळीवर उभं राहायचं आणि तोल सांभाळत लाटेबरोबर किनाऱ्याकडे घसरत यायचं. ग्रॅनिस चौदाव्या वर्षापासून हा खेळ खेळत. पुढे लग्न झालं, चार मुलं झाली, टेलिफोन कंपनीतली नोकरी सुरू झाली. चारचौघांसारखाच संसार. १९५९ साली पोटातल्या अल्सरने डोकं वर काढलं, तेव्हा डॉक्टरांनी सल्ला दिला तो छंद लावून घेण्याचा. वय बेचाळीस!

दुसऱ्याच वर्षी त्यांनी कॅमेरा हातात घेतला. विषय शोधायला लांब जावं लागलं नाही. समुद्र ओळखीचा, खेळ ओळखीचा, खेळणारी पोरंही ओळखीची. आधीच्या पिढीत जॉन बॉल नावाचे एक दातांचे डॉक्टर आपला व्यवसाय सांभाळून असेच फोटो काढत. १९४६ साली त्यांचं पुस्तकही निघालं होतं. तो धडा ग्रॅनिस यांच्यासमोर होता.

आपल्याला वाटेल, फोटो काढण्यात ते काय कष्ट? पण तेव्हा आजच्यासारखे मोबाइल नव्हते. कॅमेऱ्यात रोल घालायचा, आणि एका रोलमध्ये फोटो फार तर छत्तीस. रोल संपला की भर समुद्रात, ओल्या हातांनी तो बदलायचा कसा? खारं पाणी लागलं की रोलही गेला आणि कॅमेराही. यावर ग्रॅनिस यांनी एक पेटी तयार केली. आतून रबराचं अस्तर, आणि फळीला घट्ट चिकटून राहील अशी सोय. तिच्या आधारे ते पाण्यातच रोल बदलू लागले. घरात अडलेल्या कामावर आपण शोधतो तशीच ही युक्ती, नाही का?

पण मला सगळ्यांत आवडलं ते त्यांचं गॅरेज. तिथेच त्यांनी डार्करूम केली होती. रोल धुताना आणि कागदावर फोटो उमटवताना बाहेरच्या उजेडाची तिरीपसुद्धा चालत नाही. कुणी मध्येच दार उघडलं तर सगळी मेहनत वाया. म्हणजे या छंदाला दार होतं, आणि ते बंद ठेवण्याला कारण होतं!

हे वाचताना मला आमच्या थोरल्या जाऊबाई आठवल्या. त्यांना दोन वर्षं झोप नाही, सतत जळजळ. तपासण्या झाल्या, गोळ्या झाल्या. शेवटी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “मन कशात तरी रमवा.” घरी आल्यावर भावजी हसून म्हणाले, “ही तर दिवसभर कामात रमलेलीच असते!” मनात वाईट काही नव्हतं, पण जाऊबाई गप्प झाल्या. आठवड्याने त्यांनी माळ्यावरची माहेरची पेटी काढली, भाता दुरुस्त करून आणला आणि बैठकीच्या खोलीत सराव सुरू केला. सराव कसला! “आई, माझा चार्जर कुठाय?” “अगं, दाराशी कोण आलंय बघ.” “वहिनी, चहा होईल का?” पाऊण तासात सलग दहा मिनिटं मिळत नसत. हौस करायला कुणी नको म्हणत नव्हतं, पण वेळ मात्र कुणी देत नव्हतं.

ग्रॅनिस यांच्या छंदाला पुढे चांगली फळं आली. मासिकांतून फोटो छापून येऊ लागले. १९६४ साली एका सहकाऱ्याबरोबर त्यांनी सर्फिंगचं मासिक काढलं. हवाईच्या मोठ्या लाटांवरच्या खेळाडूंचे त्यांचे फोटो नावाजले गेले. उतारवयात त्यांची प्रदर्शनं भरली, टाशेन या जर्मन प्रकाशनसंस्थेने भलंमोठं पुस्तक काढलं. २०११ साली ते गेले, तेव्हा त्र्याण्णव वर्षांचे होते.

आता तुम्ही म्हणाल, ते पुरुष होते. ते समुद्रावर असताना चार मुलांना जेवायला कोण वाढत होतं? हा प्रश्न माझ्याही मनात आलाच. म्हणून तर दाराची गोष्ट मला महत्त्वाची वाटते. छंद काय, कुणीही सुचवील. त्याच्यासाठी घराने थोडं थांबायला शिकलं पाहिजे, आणि हे घराला आपणच शिकवायचं असतं.

मी जाऊबाईंना पुस्तक दाखवलं, ते गॅरेजही वाचून दाखवलं. मग आम्ही दोघींनी मिळून ठरवलं : मंगळवारी आणि शुक्रवारी पाच ते सहा आतल्या खोलीचं दार बंद. माझी शाळा दुपारी सुटते, तेव्हा चहा त्या वेळी माझ्याकडे. घरात सगळ्यांना आधीच सांगून टाकलं. पहिल्या आठवड्यात सासूबाईंनी दोनदा कडी वाजवली. तिसऱ्या आठवड्यात मात्र त्याच नातवाला म्हणाल्या, “थांब जरा, तुझी आई आत बसलीये.”

जाऊबाईंच्या गोळ्या अजून चालूच आहेत. पण भूपातलं एक सरगमगीत आता बसलं आहे, आणि शुक्रवारी रात्री झोप बरी लागते असं त्या म्हणतात. दार मात्र अजून आतून कडी घालूनच लावावं लागतं. नुसतं लोटून चालत नाही.