कोणत्या झाडाखाली?

पक्ष्यांचं पुस्तक घेताना माणूस चित्रं बघतो, आणि त्यात त्याचं फारसं काही बिघडत नाही. सलीम अलींचं पुस्तक हातात धरून तांबटाला भलतंच काही समजलात, तरी तांबट तुमच्या पोटात जात नाही. अळंब्यांच्या पुस्तकाचं तसं नाही. ते चाळणाऱ्याच्या मनात कुठेतरी कढई असतेच, तो कबूल करो वा न करो.

आषाढात सह्याद्रीत शिरलं की या पुस्तकाची ओढ लागते. कुजक्या ओंडक्यावर नारिंगी कानांची रांग, शेणाच्या पोवर टाचणीएवढ्या टोप्या, वारुळाच्या अंगावर रात्रीतून उगवलेलं पांढरं गोकुळ. नाव ठाऊक नसलं की डोळ्यांना चैन पडत नाही. मग पुस्तकांच्या दुकानात जाणं आलं, आणि तिथे सगळ्यात देखणं असतं ते बहुधा विलायती.

रॉजर फिलिप्सचं १९८१ चं ब्रिटन आणि युरोपातल्या अळंब्यांवरचं पुस्तक मला फार आवडतं. साध्या पार्श्वभूमीवर एकाच जातीची बाळं, तरुण, म्हातारी ओळीने मांडलेली. एखादी मधोमध उभी चिरलेली. अळंबी सकाळी एक असते नि संध्याकाळी दुसरीच दिसते, हे ज्याला कळलं तोच असा फोटो काढतो. पण हे पुस्तक घेऊन ताम्हिणीत गेलात, की ते पहिलाच प्रश्न विचारतं: कोणत्या झाडाखाली? भूर्ज की बीच? ओक की पाइन? समोर उभे असतात अंजन, जांभूळ आणि हिरडा. तिकडच्या कितीतरी छत्र्या झाडांच्या मुळांशी संसार मांडून जगतात, त्यामुळे झाड कळलं की अर्धी ओळख पटते. आपल्या बहुतेक झाडांच्या मुळांशी ज्या बुरशा नांदतात, त्या छत्री उभारतच नाहीत. आपल्याकडच्या छत्र्या जास्त करून कुजलेलं लाकूड, पालापाचोळा, शेण आणि वाळवी यांच्या जिवावर वर येतात. म्हणजे पुस्तक खोटं नाही, पण त्याचा पत्ता दुसऱ्या गावचा आहे.

जुन्या पुस्तकांच्या ढिगात एखादं स्वस्तात मिळालं, तर आधी छपाईचं साल बघावं. पॅक्सिलस इनव्होल्युटस नावाची एक तपकिरी अळंबी युरोपात पिढ्यान्‌पिढ्या शिजवून खाल्ली जायची, आणि पुस्तकंही तिला खाण्याजोगी म्हणत. १९४४ मध्ये ती खाऊन युलियस शेफर वारले. ते साधेसुधे खवय्ये नव्हते, जर्मनीतले नावाजलेले कवकतज्ज्ञ होते. ही अळंबी पुन्हापुन्हा खाल्ली, की काहींचं शरीर एके दिवशी स्वतःच्याच तांबड्या पेशींवर उलटतं, हे नंतर कळलं. तोवरच्या आवृत्त्या अजून कुठल्या ना कुठल्या कपाटात आहेतच.

नव्याचंही खरं नाही. २०२३ मध्ये इंटरनेटवर रानातल्या अळंब्या ओळखायला शिकवणारी अशी पुस्तकं विकायला आली, जी यंत्राने लिहिली असल्याचा दाट संशय होता. न्यूयॉर्कच्या कवकप्रेमींच्या संस्थेला लोकांना जाहीर सावध करावं लागलं. ज्याने आयुष्यात चिखल तुडवला नाही, त्याने अळंबीच्या वासाबद्दल लिहावं, याचं मला हसूही येतं आणि भीतीही वाटते.

वासावरून आठवलं. दुकानात पुस्तक हातात घेतलं की मी पाहतो, वास लिहिला आहे का. मग पाहतो, फोटोत देठाचं बूड दिसतं का. ‘डेथ कॅप’ नावाच्या युरोपातल्या जीवघेण्या अळंबीच्या देठाखाली पिशवी असते, ती बऱ्याचदा मातीत दडलेली. वरच्यावर खुडणाऱ्याच्या हाती टोपी आणि देठ येतो, ओळखीची खूण जमिनीतच राहते. वरून काढलेले गोंडस फोटो म्हणूनच मला संशयास्पद वाटतात. आणि ‘नुसत्या डोळ्यांनी सांगता येणार नाही’ असं पुस्तकात कुठेच लिहिलेलं नसेल, तर ते मी सरळ परत ठेवतो.

बीजाणूंचा रंग मात्र पुस्तकाने विचारायलाच हवा. टोपी देठापासून कापून, तिच्या पोटातल्या पाकळ्या खाली करून कागदावर ठेवायची, वर वाटी पालथी घालायची. कागद अर्धा पांढरा, अर्धा काळा असला तर उत्तम. सकाळपर्यंत अतिशय बारीक भुकटीची नक्षी उमटते, पाकळी न्‌ पाकळी मोजता येईल अशी. वारुळावरच्या अळंबीची नक्षी फिकट गुलाबी येते. बंगल्यांच्या हिरवळीवर ऐन पावसात उगवणारी थोराड पांढरी क्लोरोफायलम मोलिब्डायटिस वरून तशीच सोज्वळ दिसते, पण तिची नक्षी मळकट हिरवी. खाल्ली तर काही तासांत उलट्या-जुलाबांनी माणूस आडवा होतो. कोवळी असताना तिच्या पाकळ्याही पांढऱ्याच असतात. तिला बोलतं करतो तो कागद.

सिंधुदुर्गात रस्त्याकडेला पानांवर अळंबी मांडून बसलेल्या एका आजींना मी विचारलं होतं, ही ओळखता कशी? त्या म्हणाल्या, “ती रोयणीवरची आसत. दुसऱ्याक आमी हात लावणव नाय.” रोयण म्हणजे वारूळ. मग त्यांनी एक उचलून तिची लांबच लांब मुळी दाखवली. ही मुळी जमिनीखाली थेट वाळवीने जोपासलेल्या बागेपर्यंत जाते. टोपीच्या मधोमध टणक टोक होतं, माती फोडून वर येण्यासाठी. दोन्ही खुणा शास्त्राच्या पुस्तकातही आहेत. खाण्यापुरतं आजींचं ज्ञान मला बस्स आहे. पुस्तक हवं आहे ते उरलेल्या सगळ्या छत्र्यांसाठी, ज्या खायच्या नाहीत, नुसत्या बघायच्या.

तसं पुस्तक अगदी नाहीच असंही नाही. पुण्याच्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीने १९८० च्या सुमारास साठे आणि सहकाऱ्यांचा नैर्ऋत्य भारतातल्या छत्र्यांवरचा प्रबंध छापला. पत्ता अगदी आपल्या गावचा. पण त्याच्याशी बोलायचं तर सूक्ष्मदर्शक हवा. दुसरा आहे डेव्हिड पेग्लर यांचा श्रीलंकेवरचा १९८६ चा ग्रंथ. तिकडचं ओलं रान आणि आपला घाट यांचं नातं जुनं, त्यामुळे ताम्हिणीत तो फिलिप्सपेक्षा जास्त उपयोगी पडावा. सध्या मी त्याच्या मागावर आहे. कुणाच्या कपाटात असेल तर पावसाळ्यापुरता उसना दिलात तरी चालेल; चिखल लावून परत करणार नाही.