जोडविषय म्हणून उर्दू

विद्यार्थ्यांच्या मागण्यांशीं आमचा परिचय फार जुना आहे. परीक्षा पुढें ढकला, शेवटचीं दोन प्रकरणें गाळा, प्रश्नपत्रिका अवघड निघाली तेव्हां गुण वाढवून द्या, अशीं निवेदनें दर वर्षीं येतात आणि दर वर्षीं विसरलीं जातात. त्यांतील कांहीं न्याय्यही असतात. परंतु ‘आपण शिकवितां त्याहून अधिक शिकवा’ असें म्हणणारा अर्ज आमच्या पाहण्यांत क्वचितच आला असेल. म्हणूनच मराठवाड्यांतील आमच्या शहरीं एका महाविद्यालयाच्या सव्वीस विद्यार्थ्यांनीं केलेला असा एक अर्ज हातीं पडला, तेव्हां आम्हीं तो दोनदां वाचला. सही करणारांत आमची एक भाची आहे, एवढेंच आमचें त्या अर्जाशीं नातें.

अर्जांतील मागणी साधी होती. कोणाचा मुख्य विषय इतिहास, कोणाचा राज्यशास्त्र, दोघां-तिघांचा संगीत. हा मुख्य विषय जसाच्या तसा ठेवून त्याच्या जोडीला उर्दू घेण्याची सोय व्हावी, असें त्यांचें म्हणणें. २०२० सालच्या राष्ट्रीय शिक्षणधोरणानें मुख्य विषयास गौण विषयाची जोड देण्याची कल्पना मांडली, आणि आपल्या राज्यांतील संलग्न महाविद्यालयांत ती २०२४ पासून अंमलांत येऊं लागली. या मुलांनीं तें धोरण मनावर घेतलें, हाच काय तो त्यांचा अपराध! अर्जाच्या अखेरीस त्यांनीं असा खुलासा केला होता कीं, आम्हांस उर्दूचे पंडित व्हावयाचें नाहीं. परंतु उर्दूवांचून आमचा स्वतःचाच विषय अर्धा राहतो.

या अर्जास मिळालेलें उत्तरही साधेंच होतें. उर्दूचा वर्ग महाविद्यालयांत आहे, पण तो शाळेंत उर्दू शिकून आलेल्यांसाठीं आहे; शिवाय त्याची वेळ आणि इतिहासाची वेळ एकच आहे. याखेरीज एक उत्तर तोंडीं देण्यांत आलें, आणि तेंच खरें उत्तर असावें असा आमचा तर्क आहे: ‘तुम्हांला उर्दू कशाला हवी?’

या प्रश्नांतील ‘तुम्हांला’ या शब्दावरचा जोर वाचकांच्या ध्यानांत आलाच असेल. अमुक भाषा अमुक लोकांची, तेव्हां इतरांनीं ती मागावी यांत कांहीं तरी गौडबंगाल असलें पाहिजे, असा हा समज आहे. वास्तविक, आपल्या विद्येच्या परंपरेंत ही मागणी मुळींच नवी नाहीं. मुंबई विद्यापीठांत इंग्रजीच्या जोडीला संस्कृत किंवा फारसी यांसारखी एखादी अभिजात भाषा घेण्याची वहिवाट होती, आणि फारसी घेणाराची जात कोणी विचारीत नसे. माधव जूलियन या नांवानें कविता लिहिणारे माधव त्र्यंबक पटवर्धन (१८९४–१९३९) हे पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयांत फारसी शिकवीत. त्यांचा ‘फार्शी-मराठी कोश’ १९२५ सालीं निघाला. ‘गज्जलांजलि’नें मराठी कवितेस एक नवें वळण दिलें. पुढें हेच गृहस्थ भाषाशुद्धीचे कट्टे पुरस्कर्ते झाले. यांत विसंगति शोधणारांनीं ती खुशाल शोधावी. आम्हांस यांत एवढेंच दिसतें कीं, ज्यास मराठींतून फारसी शब्द काढावयाचे होते त्यासही आधीं फारसी यावी लागली. शिवछत्रपतींच्या आज्ञेनें ‘राज्यव्यवहारकोश’ सिद्ध करणाराचीही हीच स्थिति असली पाहिजे. जो शब्द समजत नाहीं त्यास प्रतिशब्द तरी कसा देणार?

इतिहासाच्या विद्यार्थ्याची गरज तर अगदीं रोकडी आहे. मराठवाडा १९४८ च्या सप्टेंबरापर्यंत निजामाच्या राज्यांत होता. त्या राज्याचें दप्तर आरंभीं फारसींत व पुढें उर्दूंत चाले. जमिनीच्या नोंदी, न्यायालयांचे निवाडे, खानेसुमारीचे तक्ते, शाळांचे अहवाल, सारें त्याच भाषेंत. मराठवाड्याच्या खेड्याचा गेल्या शतकांतील इतिहास लिहूं पाहणारास हें दप्तर वाचतां येत नसेल, तर त्याला इंग्रज रेसिडेंटानें आपल्या सरकारास काय कळविलें यावरच विसंबून राहावें लागेल. ही केवळ पंडितांची अडचण नव्हे. २०२३ सालीं कुणबी नोंदींचा शोध घेण्यासाठीं निवृत्त न्यायमूर्ति संदीप शिंदे यांची समिति नेमली गेली, तेव्हां मोडी व उर्दू वाचणारीं माणसें शोधण्याची पाळी सरकारी कचेऱ्यांवर आली. लक्षावधि कुटुंबांचें लक्ष ज्या कागदांकडे लागलें होतें, ते कागद समोर होते. वाचणारे डोळे तेवढे अपुरे होते. एका पिढीनें जी भाषा सक्तीनें शिकली आणि दुसरीनें जी सुटकेच्या आनंदांत टाकून दिली, तिच्यावांचून तिसरीचें अडलें.

आमच्या घरींही असे कागद आहेत. आमचे आजोबा निजामाच्या राज्यांत एका तालुक्याच्या न्यायालयांत वकिली करीत. त्यांच्या पेटींत सत्तर-ऐंशी कागद राहिले. वडिलांस ते थोडेबहुत लागत. आमच्या पिढीनें त्यांस वाळवी लागूं दिली नाहीं, इतकेंच. भाचीनें मागच्या दिवाळींत ती पेटी उघडली. एका कागदावर ठसठशीत अक्षरांत ‘राजीनामा’ असें लिहिलेलें तिला लागलें. घरांतील मंडळींत तर्कवितर्क सुरू झाले. आजोबांनीं कोठली तरी नोकरी सोडली असावी असें बहुतेकांचें मत पडलें. पुढें एका निवृत्त उर्दू शिक्षकांनीं तो कागद वाचून दाखविला. नोकरीचा तेथें संबंधच नव्हता. विहिरीच्या पाण्यावरून भांडणाऱ्या दोन भावांनीं आपसांत केलेली ती तडजोड होती. उर्दूंत राजीनामा म्हणजे उभय पक्ष राजी झाल्याचा लेख. आपण मराठींत त्याला नोकरी सोडण्याच्या कामीं जुंपलें. भाची म्हणाली, “मामा, शब्द आपलाच आहे असं वाटतं, आणि तोच फसवतो.”

हें तिचें म्हणणें आम्हांस मार्मिक वाटलें. अर्ज, फिर्याद, वकील, दप्तर, जमीन, वसूल, खरीप, जबानी, मुद्देमाल हे शब्द टाळून मराठी माणसाला एक दिवसही व्यवहार करतां येणार नाहीं. तरी त्यांतील किती शब्द वाटेंत अर्थ पालटून आले याचा आपणांस पत्ता नसतो. ‘शिकस्त’ म्हणजे मूळचा मोड, पराभव. मराठी माणूस मात्र प्रयत्नांची शिकस्त करतो! ‘खुलासा’ म्हणजे तिकडे सारांश, इकडे स्पष्टीकरण. ‘नजर’ आणि ‘नजराणा’ हीं आपल्याकडे सख्खीं भावंडें दिसतात. उर्दूंत त्यांचीं घराणींच निराळीं. ‘ज़’ या एका उच्चारासाठीं त्या लिपींत चार अक्षरें आहेत. पाहण्याच्या ‘नजरे’त एक येतें, तर भेटीदाखल देण्याच्या ‘नज़्र’ या शब्दांत, ज्यापासून नजराणा आला, त्यांत दुसरें.

येथें एक आक्षेप येतो आणि तो विचारार्ह आहे. उर्दू कविता देवनागरींत मुबलक मिळते. गालिब देवनागरींतून वाचणारे लोक आज असंख्य आहेत. मग लिपीचा हट्ट कशाला? केवळ रसास्वादासाठीं वाचणारास देवनागरी पुरेशी आहे हें आम्ही मोकळ्या मनानें कबूल करतों. संगीताच्या विद्यार्थ्यासही ठुमरीचे किंवा गझलेचे बोल नीट उच्चारण्यापुरती तिनें वेळ भागेल. परंतु दप्तर कांहीं देवनागरींत येऊन आपली वाट पाहत बसलेलें नाहीं. त्यांतही हस्तलिखित कागद बहुधा शिकस्ता वळणाचे असतात. लेखणी न उचलतां लिहिलेलें, अक्षरें मोडून जोडलेलें, नुक्ते गाळलेलें हें वळण म्हणजे त्या लिपीची मोडीच म्हणावयाची. बाळबोध येणाराला जशी मोडी आपोआप येत नाहीं, तसें छापील उर्दू वाचणारालाही शिकस्ता आपोआप लागत नाहीं. आणि नेमकें हेंच आमच्या विद्यापीठांतून उर्दू विषय घेणारास सहसा शिकवीत नाहींत. तेथें भर असतो काव्यावर. इतिहासाच्या विद्यार्थ्याला मीर आणि गालिब अवश्य द्या, परंतु सोबत एखादें खरेदीखतही द्या.

आतां त्या ‘तुम्हांला’विषयीं. मराठवाड्यांतील जुन्या माणसांच्या मनांत उर्दूबद्दल कांहीं कडवटपणा उरला असेल, तर त्यास कारण आहे, आणि तें झांकून ठेवण्यांत अर्थ नाहीं. १९१८ सालीं हैदराबादेस उस्मानिया विद्यापीठ निघालें. वैद्यकापासून कायद्यापर्यंत सर्व उच्च शिक्षण एका देशी भाषेंतून देणें ही मोठ्या धैर्याची गोष्ट होती. त्यासाठीं स्वतंत्र भाषांतरखातें काढून तेथें पुस्तकें व परिभाषा सिद्ध केल्या गेल्या. मराठींत आपण हें अजून साधलेलें नाहीं. परंतु ज्या राज्यांतील बहुसंख्य प्रजा तेलुगु, मराठी आणि कानडी बोले, तेथें ही देशी भाषा त्या प्रजेस परकीच होती. १९३८ सालीं ‘वंदे मातरम्’ म्हटल्याबद्दल तेथून काढून टाकलेल्या विद्यार्थ्यांस नागपूर विद्यापीठानें आश्रय दिला, ही हकीकत आमच्या घरांतून अजून सांगितली जाते. तो राग भाषेच्या सक्तीवर आणि सत्तेवर होता. भाषेनें स्वतः कोणाचें कांहीं बिघडविलें नव्हतें.

सक्तीचें माध्यम आणि मागून घेतलेला जोडविषय यांत जमीनअस्मानाचें अंतर आहे. (हे दोन्ही शब्दही तिकडूनच आले, हें जातां जातां सांगून ठेवतों.) पैठणच्या एकनाथमहाराजांनीं ‘हिंदु-तुर्क संवाद’ लिहिला तेव्हां दखनी बोली त्यांच्या कानांवरून रोज जात होती. आज ज्यास छत्रपति संभाजीनगर म्हणतात त्या औरंगाबादेंत वली आणि सिराज होऊन गेले. उर्दू गझलेच्या इतिहासाचीं आरंभींचीं पानें त्यांच्यावांचून लिहितां येत नाहींत. २०११ च्या जनगणनेंत महाराष्ट्रांतील सुमारें पंचाहत्तर लक्ष लोकांनीं आपली मातृभाषा उर्दू म्हणून सांगितली. अकोला जिल्ह्यांतील पातूर नगरपरिषदेच्या फलकावर मराठीखालीं उर्दू असावी कीं नसावी, हा वाद थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. एप्रिल २०२५ मध्यें न्यायालयानें तो फलक राहूं दिला, आणि भाषा म्हणजे धर्म नव्हे, उर्दू याच भूमींत जन्मली, असें निकालपत्रांत नमूद केलें. हें सांगण्यास देशाचें सर्वोच्च न्यायालय लागावें याचें आम्हांस थोडें वाईट वाटलें, तो भाग निराळा.

आमच्या मतें खरी खोट कोठें आहे ती पाहा. याच महाविद्यालयांत जर्मन शिकवितात, आणि ती पहिल्या अक्षरापासून शिकवितात. शाळेंत जर्मन न घेतलेल्या मुलाला कोणी दारांतून परत पाठवीत नाहीं. तें कशाला हवें असेंही विचारीत नाहीं. उर्दूला मात्र नवशिक्याचें दारच नाहीं. जे घरीं बोलतात आणि शाळेंत शिकतात त्यांच्यासाठीं वरचा मजला बांधला, आणि जिना बांधावयाचा राहिला. दिल्लीची उर्दू संवर्धन परिषद नवशिक्यांसाठीं एक वर्षाचे वर्ग चालविते व त्यांचा अनेकांस उपयोग होतो. परंतु ते पदवीच्या बाहेरचे. दिवसभर तासांना बसून, रात्रीं हौसेखातर लिपि गिरविणारा विद्यार्थी पहिल्या परीक्षेपर्यंत टिकतो, दुसरीच्या आधीं गळतो. मग ‘मागणीच नाहीं’ असें म्हणावयास सर्व मोकळे!

त्या महाविद्यालयांतील उर्दूचे प्राध्यापक आमच्या परिचयाचे आहेत. नवशिक्यांची गर्दी झाली तर विषयाची प्रतिष्ठा उणावेल असें तर त्यांना वाटत नाहीं ना, असें आम्हीं त्यांस विचारलें. ते हंसले. म्हणाले, “माझ्या वर्गांत दर वर्षीं तींच घरं येतात. इतिहासाचीं चार मुलं येऊन बसलीं, तर माझ्या मुलांनाही कळेल कीं आपल्याजवळ कांहीं किमती आहे.” सकाळीं सातची वेळ कोणत्याच विषयाशीं भिडत नाहीं, आणि आपण त्या वेळीं येण्यास तयार आहों, असें त्यांनीं प्राचार्यांस लेखी कळविलें आहे.

प्राचार्यांनींही आतां नकाराची भाषा सोडली आहे. किमान तीस नांवें झालीं तर जूनपासून वर्ग उघडतां येईल, असा त्यांचा निरोप आहे. सव्वीस आहेत. उरलेल्या चारांसाठीं भाची आणि तिच्या मैत्रिणी सध्यां अर्थशास्त्राच्या वर्गांत फिरत आहेत. तेथील एका मुलाच्या घरींही म्हणे असाच एक पेटारा आहे.