अंगठा जुळत नाही तेव्हा

माझी आई रनाळ्याला राहते. वय सत्तरीला टेकले आहे. उभा जन्म तिने निंदणी-खुरपणी केली आणि हंगामात नंदुरबारला मिरचीचे देठ खुडायला गेली. ज्या भगिनींनी हे काम केले आहे, त्यांना हाताची आग काय असते ते सांगायला नको. रात्री भाकरी थापायलाही बोटे पुढे होत नाहीत. या कामात तिच्या बोटांवरच्या रेषा झिजून गेल्या, आणि रेशनच्या यंत्राला नेमक्या त्याच हव्या असतात.

देशातले पहिले आधार कार्ड आपल्याच जिल्ह्यात, शहादा तालुक्यातील टेंभली येथे, २९ सप्टेंबर २०१० रोजी दिले गेले. तेव्हा आईला केवढे अप्रूप वाटले होते!

एकदा मी तिच्याबरोबर धान्य आणायला गेले. तिने अंगठा लावला, मग पदराने पुसून दुसरे बोट लावले. यंत्र मानेना. पडद्यावर इंग्रजीत ओळ उमटली. ठसा जुळत नाही, पुन्हा प्रयत्न करा किंवा मोबाईलवर ओटीपी मागवा, असा तिचा अर्थ. दुकानदार भला माणूस. म्हणाला, “मावशी, मोबाईलवर आकडा आला असेल, तो सांगून टाका.” मीच तो वाचून दाखवला. धान्य मिळाले आणि आम्ही खुशीत घरी आलो.

दोन महिन्यांनी आईला फोन आला. रेशन बंद होणार आहे, केवायसी करायची आहे, असे समोरचा गोड आवाजात बोलला. आधी त्याने बँकेच्या कार्डावरचे आकडे विचारले, मग म्हणाला, “आजी, मोबाईलवर आकडा आला असेल, तो सांगा.” आईने सांगितला. हंगामाचे साठवलेले चार हजार दोनशे रुपये गेले. आम्ही १९३० या क्रमांकावर तक्रार केली, पण उशीर झाला होता.

मी आईवर चिडले. ती एवढेच म्हणाली, “त्या दिवशी तूच तर सांगितलास ना आकडा?”

यावर मला उत्तर सुचले नाही. बँक म्हणते, आकडा कोणालाही सांगू नका. यंत्र म्हणते, आकडा सांगा, काम होईल. कमी शिकलेल्या बाईने यातले कोणते खरे धरायचे? कोणी म्हणेल, यंत्राने अशी वाट दाखवूच नये. ते मला पटत नाही. वाट दाखवली नसती तर आई त्या दिवशी रिकामी पिशवी घेऊन परतली असती, आणि घरात डबा तळाला लागला होता. पण ती ओळ यंत्रामागे बसणाऱ्यासाठी लिहिलेली आहे, धोका मात्र यंत्रापुढे उभ्या असलेल्या बाईच्या पदरी येतो. ‘हा आकडा फक्त इथे, धान्यासाठी. फोनवर कोणी मागितला तर देऊ नका’ एवढे मराठीत लिहायला किती जागा लागते?

आणखी एक गोष्ट मला फार उशिरा कळली. ठसा, डोळ्याची बुबुळे, ओटीपी यांपैकी काहीच जुळले नाही, तरी धान्य नाकारू नये, कार्ड पाहून नोंदवहीत नोंद करावी आणि धान्य द्यावे, असे आधार प्राधिकरणाने ऑक्टोबर २०१७ मध्येच परिपत्रक काढून कळवले आहे. वहीच्या या वाटेत आईच्या पैशाला काहीच धोका नव्हता. त्या ओळीत तिचे नाव नव्हते. आईला वाचता येत नाही हे खरे, पण मला येत होते, आणि मीही पडद्यावर होते तेवढेच वाचले.

परवा आईचा फोन आला. गॅसवाला सिलिंडर घेऊन दारात उभा होता आणि मोबाईलवर आलेला आकडा मागत होता. तो दिल्याशिवाय सिलिंडर उतरवीना. आई त्याला ओट्यावर बसवून मला विचारत होती, “बाई, याला सांगू का नको?”