शून्यापासून

परवा साताऱ्याहून मावशीचा फोन आला. इकडच्या तिकडच्या चौकशा झाल्यावर म्हणाली, "अगं, पाण्याचा फिल्टर बदलला बाई मी एकदाचा. व्हॉट्सॲपवर पट्ट्यांचा व्हिडिओ आला होता. बाकीच्या कंपन्यांची पट्टी अगदीच एवढीशी! आपला त्यांतलाच होता ना. तुलाही पाठवलाय बघ."

उघडून पाहिला आणि पोटात गोळाच आला. तो व्हिडिओ मीच केला होता.

माझं कामच ते. कंपन्यांनी दिलेले आकडे मोबाइलवर हलते करायचे. चौकोनी फ्रेम, मोठी अक्षरं, सगळं पंधरा-वीस सेकंदांत. फेसबुकने २०१३ मध्ये व्हिडिओ आपोआप, आवाजाविना चालवायला सुरुवात केली, तेव्हापासून आवाज बंद आहे असं धरूनच चालायचं. अंगठा वर सरकायच्या आत काहीतरी हललं पाहिजे!

या क्लायंटचे आकडे होते : समाधानी ग्राहक त्यांचे ९२ टक्के, इतरांचे ८८. शून्यापासून पट्ट्या काढल्या तर दोन्ही सारख्याच दिसत होत्या. "जरा फरक दिसू दे की," क्लायंट म्हणाला. मग मी पट्ट्यांची सुरुवातच ८५ पासून केली. झालं! एक पट्टी सात भाग, दुसरी तीन. चार टक्क्यांचा फरक डोळ्यांना दुपटीहून जास्त दिसू लागला. आकडे खरेच होते हो. खाली बारीक अक्षरांत ८५ लिहिलंही होतं.

पण ते वाचणार कोण? कागदावरच्या चित्रापाशी माणूस थांबतो, खालची रेघ बघू शकतो. इथे डोळा चढत्या पट्टीमागे धावतो आणि पट्टी थांबते न थांबते तोच पुढचं दृश्य येतं.

या धंद्यात मी आले ती हान्स रोसलिंग यांचं २००६ चं टेडमधलं भाषण पाहून. देशांचे रंगीत फुगे सरकत होते, मागे मोठ्या अक्षरांत वर्ष बदलत होतं. त्या सरकण्याला अर्थ होता. फुगा हलला म्हणजे काळ पुढे गेला, त्या देशातली माणसं जास्त जगू लागली. माझी पट्टी वर चढत होती त्याला काय अर्थ होता? दोन्ही आकडे एकाच पाहणीतले. काहीच वाढलं नव्हतं. हलणं फक्त भुलवायला होतं.

असो. संध्याकाळी मावशीला फोन करून सगळं सांगितलं.

"म्हणजे जुना चांगला होता?"

"चांगलाच होता गं."

थोडा वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, "तो भंगारवाल्याला दिला मी." आणि लगेच, "जेवलीस का?"

ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

त्याच क्लायंटचा दुसरा व्हिडिओ सध्या हातात आहे. यावेळी पट्ट्या शून्यापासून काढल्यात आणि शेवटचं दृश्य आकड्यांसकट चार सेकंद स्थिर ठेवलंय. वीस सेकंदांतले चार म्हणजे आमच्याकडे चैनच! सोमवारी दाखवायचाय. काम हातचं जाईलही.

बघू.